विमान वर असताना

अमरावतीहून निघताना आईने एकच काम सांगितलं. "ते विमानात चढले होते का, तेवढं बघून ये."

माझे वडील पुण्यात एका संस्थानिकाच्या विमानाचे मेकॅनिक. मी आईच्या पोटात असताना सरकारांचं विमान उडालं, ते परतलंच नाही. वडीलही दिसेनासे झाले. "मुंबईला पळाला, दुसरी केली असेल," असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं. आईने ते जन्मभर ऐकलं. आता सरकारांचा पुण्याचा बंगला पाडून तिथे कॉम्प्युटर कंपनी येणार होती. सामान आवरताना शेवटच्या उड्डाणाची फिल्म सापडली, पाहून जा, असा बाईसाहेबांचा, म्हणजे सरकारांच्या पत्नीचा, निरोप आला.

विश्रांतवाडीच्या पुढे रिक्षावाल्याने सोडलं. "पलीकडे आयटीवाले, अलीकडे सरकार. दोन्हीकडे आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. उतरा."

बाईसाहेबांनी चहाबरोबर शंकरपाळे दिले. "यांना सगळंच हवं असायचं. टेनिस, शिकार, विमान, वर सिनेमा. संसार तेवढा मला दिला! प्रत्येक उड्डाणाची फिल्मही मीच काढायची."

प्रोजेक्टर हँगरमध्ये (विमान ठेवायच्या गाळ्यात) होता. तो त्यांनीच सुरू केला. दारातून ऊन येत होतं, चित्र धड दिसेना. मी उठून दार ओढून घेतलं.

पडद्यावर गॉगल लावलेले सरकार आले. मागून एक तरुण आला, त्याने विमानाच्या पंख्याला हात लावून नमस्कार केला. जबडा थेट माझा. अरे देवा, माझ्याहून लहान माझा बाप! तो हसत विमानात चढला. विमान उडालं, ठिपका झालं. मग नुसतं आभाळ. ते संपेचना.

बाईसाहेब ताडकन उठल्या. "दार कोणी लावलं?"

"ऊन येत होतं म्हणून..."

"अहो, विमान वर असताना हँगरचं दार लावत नाहीत! यायचं कुठे त्यांनी?"

त्या पडद्यावरच्या आभाळाकडे पाहत होत्या. मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर विमानाची घरघर ऐकू आली, अगदी खाली आल्यासारखी. वर पाहिलं तर काहीच नाही. विमानतळ जवळच आहे, मी स्वतःला बजावलं.

"आले बघा ते," बाईसाहेब म्हणाल्या आणि शांत बसल्या. मी विज्ञानाचा मास्तर, पण वाट द्यायला बाजूला सरकलो.

घरी पोचलो तर आई दारातच उभी होती.

"चढले होते. डोळ्यांनी पाहिलं," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली. "मेलेच गं बाई ते! पळाले नव्हते!" म्हणत पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. नवऱ्यासाठी रडायची मुभा तिला आज मिळाली होती. तिचं सांत्वन करावं की अभिनंदन, मला कळेना.