पाचटाची फळी

आमच्या निरवांगीत हा माणूस कुठंही भेटला, तरी आधी पिशवीतून फळी काढतो. उसाच्या पाचटापासून, म्हणजे वाळल्या पाल्यापासून बनवलेली, वहीएवढी, गुळगुळीत. बारामतीच्या कुठल्याशा प्रदर्शनातून नमुना म्हणून आणलेली. "वाजवून बघा तात्या," म्हणतो, आणि आपण बोटानं टकटक केल्याशिवाय हलत नाही. लग्नाच्या पंगतीत त्यानं ती वाजवायला लावली. मयताला आलेल्या पाहुण्यांनाही सोडलं नाही.

"आता फळीसाठी जंगल तोडायचं कामच न्हाय. संशोधन हाय हे! पाचट जाळणारा म्हंजी निव्वळ अडाणी." हे सांगताना डोळे असे मिटतो, जणू शोध यानंच लावलाय.

त्याच्या नि माझ्या शेताचा बांध एक. त्याच्याच शब्दाखातर मी बांधावर मलबार नीम लावला. त्याचं लाकूड प्लायवूडला जातं म्हणे. झाडं पुरुषभर उंच झाली.

परवा त्याचा ऊस कारखान्याला गेला. तोडणीची टोळी हलली आणि दुसऱ्या दिवशी शिवारात धूर दिसला. धावत गेलो, तर यानंच पाचट पेटवून दिलेलं. वारा माझ्याकडं. बांधावरची झाडं शेंड्यापर्यंत करपलेली.

"अरे, हे काय केलंस?" मी ओरडलो.

"बुडख्यातनं खोडवा फुटायला पाणी द्यायचं हुतं तात्या. पाचट कोण गोळा करत बसतंय?"

जाळापुढं उभं राहून त्यानं तोंडासमोर तीच फळी धरली होती. ती किंचित बाजूला करून म्हणाला, "पर बघा, आच अजिबात लागत न्हाय."