आमच्या पिकअपला नवे ब्रेक बसले तो दिवस

आमच्या पिकअपला ब्रेक होते, पण ते विनंतीवर चालत.

एकदा पाय मारला की गाडीला कळायचं, मालकाला काहीतरी म्हणायचंय. दुसऱ्यांदा मारला की ती विचार करायची. तिसऱ्या वेळी, मूड असला तर, थांबायची. मी ओतूरला पशुखाद्याचं दुकान चालवतो आणि ही गाडी वडिलांच्या वेळची. एसटी स्टँडपाशी थांबायचं असलं की मी अलीकडच्या डिंगोरे गावापासूनच ब्रेक मारायला सुरुवात करायचो. (थोडी अतिशयोक्ती आहे. पण थोडीच.) शेजारी बसणारी माणसंही आपापला उजवा पाय फरशीवर दाबून मदत करायची. माझी आई, म्हणजे आमची बाई, गाडीत बसली की नवकार मंत्र सुरू करायची आणि उतरल्यावरच थांबायची.

आणे गावाला पेंडीची पोती टाकून परत येताना मात्र हद्द झाली. उतार होता, वळण होतं, आणि वळणावर एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी होती. तीनदा पाय मारून झाला, चौथ्यांदा मारला, आणि आम्ही गंजीत शिरलो. गाडी छान थांबली. मी कडब्यातून वाट काढत बाहेर आलो तर गंजीचा मालक शांतपणे समोर उभा.

"पावणं," तो म्हणाला, "थांबायचंच व्हतं तर हाक मारायची. लई लांबून आलाय जनू."

त्यानं चहा पाजला. मी केसांतल्या काड्या काढत प्यायलो. घरी आल्यावर माझी बायको कांचन एवढंच म्हणाली, "श्रुतीचं लग्न व्हायचंय. तोवर तरी जगा."

श्रुती आमची मुलगी. निरगुडसरच्या एका घरातून तिला पसंती आली होती, आणि पुढच्या रविवारी बोलणी पक्की करायला आम्ही त्यांच्याकडे जाणार होतो. मी ठरवलं, होणाऱ्या व्याह्यांच्या दारात जायचं ते नव्या ब्रेकनं.

बबन मिस्त्री आमच्या भागातला जुना माणूस. मूळचा जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. घरी भातशेती, इकडे ओतूरला गॅरेज. बोलतो कमी, हात चालतो जास्त. त्यानं पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या, वर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावला, नळ्या बदलल्या, मागचे लायनर नवे टाकले. काम संपलं रविवारी सकाळी, आम्ही निघायच्या तासभर आधी.

"भाऊ, एक ऐका," किल्ली देताना तो म्हणाला. "दोन दिस रिकामी चालवा. आता पाय लावायचा, मारायचा नाय. तुमाला जुनी सवय हाय."

"बबनराव, तीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला.

मी हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला.

ओतूर ते मंचर मी अगदी पिसासारखा पाय ठेवला आणि गाडी लोण्यासारखी थांबत गेली. नारायणगावच्या गर्दीत बाईनं पहिल्यांदाच मंत्र अर्ध्यावर सोडून टमाट्यांचा भाव विचारला. माझी छाती फुगली. मंचरला आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वाट बघत उभे होते. बहीण आदल्या दिवशीच निरगुडसरला पोचली होती. दाजी साठीचे, पांढराशुभ्र झब्बा, सोनेरी काडीचा चष्मा, भरघोस मिशा. घरचे जावई. आमच्याकडे त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा दोन हातांनी देतात.

पुढे जागा तिघांची. मी, कांचन, बाई. कांचन म्हणाली, "मी मागे बसते."

"बाईमाणूस मागे आणि मी पुढे? शोभतं का?" दाजी म्हणाले, आणि समोरच्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची मागून घेऊन मागच्या हौद्यात चढले. तिथेच बासुंदीचा वीस लिटरचा स्टीलचा कॅन होता, कांचननं दोन दिवस खपून आटवलेली. कॅन दोरीनं बांधलेला होता, तरी दाजींनी तो दोन्ही गुडघ्यांत धरला.

"काळजी नको दाजी," मी म्हणालो. "डिस्क ब्रेक बसवलेत. जागच्या जागी थांबते. दाखवू?"

"दाखवायची गरज नाही," दाजी म्हणाले.

निरगुडसरला व्याह्यांचं घर रस्त्यालाच लागून. दारात रांगोळी, आणि अख्खं घर स्वागताला बाहेर उभं. मधोमध हस्तीमलजी, म्हणजे होणारे व्याही, डोक्याला फेटा. शेजारी विहीणबाई, हातात ओवाळणीचं ताट. इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर मी गांगरलो. आणि गांगरलेला माणूस नवं शिकलेलं सगळं विसरतो. माझ्या पायाला तीस वर्षांचं जे ठाऊक होतं तेच त्यानं केलं. तीनदा मारला, सगळा जीव एकवटून.

पहिल्या वेळी बाईचा चष्मा काचेवर गेला. दुसऱ्या वेळी मागे खुर्ची मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्या वेळी दोरी तुटली, कॅन केबिनच्या टपावर आदळला, झाकण उडालं, आणि समोरच्या काचेवरून बासुंदीचा पडदा सावकाश खाली आला. बदाम-पिस्त्यांसकट.

मला समोरचं काही दिसेना. मी वायपर लावला.

का लावला ते विचारू नका. काच पांढरी झाली, हात बटणाकडे गेला. वायपरनं आपलं काम चोख केलं. उजवीकडची बासुंदी हस्तीमलजींच्या फेट्यावर, डावीकडची विहीणबाईंच्या पैठणीवर. ओवाळणीचं निरांजन विझलं.

मग टपामागून एक चेहरा वर आला. चष्मा नाही, मिशीत चारोळ्या, केसांतून दूध गळतंय.

"पोचलो का?" दाजींनी विचारलं.

माझ्या बहिणीनं धावत येऊन त्यांना उतरवलं. हाड मोडलं नव्हतं, खांदा मात्र लचकला होता. आता त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? उतरायचं, हात जोडायचे, सवयीनं पाय पडला म्हणायचं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी खाली उतरून दार आपटलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मिस्त्रीनं घात केला. ब्रेकच फेल!"

आणि माझं बोलणं खरं वाटावं म्हणून सगळ्यांसमोर फोन लावला. स्पीकरवर.

"बबनराव, काय काम केलंय हे? चोरासारखं? घरचा जावई मरता मरता वाचला. ब्रेक फेल झाले तुमचे!"

पलीकडे जेवण चाललं असावं. घास गिळून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडी थांबली का?"

"थांबली म्हणजे? जाग्यावर थांबली!"

"मंग फेल कसं झालं?"

अंगणात पस्तीस माणसं होती. सगळी एक पाऊल जवळ सरकली.

"पाय लावला का मारला?" मिस्त्रीनं विचारलं.

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "रेंज नाही." (रेंजचे पाचही दांडे दिसत होते आणि हस्तीमलजी माझ्या खांद्यावरून फोनकडेच बघत होते.)

तासाभरात दाजींना व्याह्यांचा झब्बा मिळाला, विहीणबाई साडी बदलून आल्या, मुलांनी टपाला चिकटलेले बदाम वेचून खाल्ले. आणि दारात मोटरसायकल वाजली. बबन मिस्त्री. अंगावर तेलकट शर्ट, उन्हानं तोंड लाल. उष्ट्या हातानं उठून तो थेट आला होता.

माझ्याकडे न बघता तो गाडीखाली शिरला, चाकं बघितली, मग दाजींना विचारलं, "बसता का शेजारी? एक चक्कर मारू." दाजींची छाती मोठी, ते बसले. दोघं गावातून फिरून आले. दारात गाडी थांबली ती इतकी अलगद की दाजींना उतरायचं लक्षात आलं नाही.

मिस्त्री खाली उतरला आणि हात पुसत सगळ्यांना म्हणाला, "माजी चूक झाली. पेडल वाईच वर राह्यलं व्हतं. भाऊंचा काय दोष नाय."

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. ज्याला मी चारचौघांत चोर म्हणालो, तो तालुका ओलांडून माझी अब्रू झाकायला आला होता. आणि मी काय केलं? मान हलवली. 'जाऊ द्या, होतं असं' अशा मोठ्या मनानं.

जेवायला मिस्त्रीला माझ्याच शेजारी बसवलं. कांचन वाढत होती. मिस्त्रीला तिनं दोन जिलब्या वाढल्या, मला वगळून पुढे गेली. बाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी दहावीला नापास होऊन निकाल लपवला होता, तेव्हा बघितलं होतं तसं. चटणीसुद्धा गोड लागत होती, इतका बासुंदीचा वास माझ्या नाकात बसला होता.

शेवटी मी ताटावरून उठलो. हात उष्टाच होता.

"मंडळी," मी म्हणालो, "पेडलात काही नव्हतं. बबनरावांनी मला बजावलं होतं, पाय लावायचा, मारायचा नाही. मी मारला. तीनदा. आणि वर त्यांना चोर म्हणालो. दाजी, बबनराव, मला माफ करा."

हस्तीमलजींनी भातावर कढी घेतली.

"ब्याहीजी, फोन आम्ही सगळ्यांनी ऐकला," ते म्हणाले. "चूक कुणाची ते तेव्हाच कळलं. तुम्ही सांगता की नाही, एवढंच कळायचं होतं. मुलगी आम्हाला पसंतच आहे. बापाबद्दल जरा विचार चालला होता."

"मग?" कांचननं विचारलं.

"जिलबी वाढा त्यांना," विहीणबाई म्हणाल्या.

मिस्त्री मान खाली घालून हसत होता. मी त्याच्यापाशी बसलो आणि हळूच म्हणालो, "एवढं कशाला खोटं बोललात माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कुठं," तो म्हणाला. "पोरीची सोयरीक व्हती. तिनं कुटं पाय मारला व्हता?"

परतीला दाजींनी स्पष्ट सांगितलं की मंचरपर्यंत गाडी मिस्त्री चालवणार असेल तरच ते बसतील. बाई म्हणाली, मंचरपर्यंतच का, ओतूरपर्यंत चालवू दे. कांचननं माझ्या हातातली किल्ली कधी काढून घेतली ते मला कळलंही नाही. माझ्या वाट्याला मिस्त्रीची मोटरसायकल आली.

पहिल्याच वळणावर मला समजलं की तिला मागचा ब्रेक अजिबात नाही आणि पुढचा नावापुरता आहे. जगाचे ब्रेक दुरुस्त करताना या माणसाला स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ मिळाला नसावा. समोर माझी पिकअप संथ, डौलात चालली होती. तिला गाठून तक्रार करता आली असती, पण त्या दिवशी ब्रेक या विषयावर बोलायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. निरगुडसर ते ओतूर मी दोन्ही चपला रस्त्यावर घासत आलो, आणि घरी पोचलो तेव्हा फक्त अंगठे अडकवायचे पट्टे उरले होते.