मावशींच्या खात्यावर माझा नंबर

मोबाईल नंबराशिवाय खात्याचा फॉर्म पुढं सरकायचाच नाही. तासगावच्या आमच्या शाखेत खेड्यापाड्यातनं म्हाताऱ्या बायका यायच्या, त्यांच्याकडं कुठला फोन? मग आम्ही काउंटरवाले आपलाच नंबर टाकून मोकळे व्हायचो. सगळेच करत होते, मीही केलं. माझ्या नंबरावर अशी सात-आठ खाती होती. दिवसभर मेसेजची टणटण नको म्हणून मी आवाज बंद करून ठेवला होता. काय हा माझा शहाणपणा!

त्यातलं एक खातं एका मावशींचं. नवरा फौजेत होता, त्याच्यामागं त्यांना पेन्शन यायची. दोन्ही गुडघे पार गेलेले. मिरजेला ऑपरेशन करायचं म्हणून चार वर्षं त्या पै-पै मागं टाकत होत्या. पासबुक भरून झालं की विचारायच्या, एका गुडघ्यापुरतं तरी झालं का? मी म्हणायचो, होत आलंय मावशी.

मग पाय एवढे सुजले की शाखेत येणं होईना. घरखर्चाचे पैसे त्या गावातल्याच एका सेवा केंद्रात अंगठा लावून काढायला लागल्या. तिथला माणूस म्हणायचा, अंगठा उठला नाही, परत लावा. परत लावला की दरवेळी मोठी रक्कम जायची, आणि यांच्या हातात पडायचे घरखर्चापुरतेच पैसे. दोन महिन्यांनी कुणाच्या तरी गाडीवर बसून त्या पासबुक भरायला आल्या, तेव्हा खात्यात काहीच उरलं नव्हतं. केंद्राला कुलूप लागलं होतं.

मी काउंटरखाली फोन उघडून बघितला. सगळे मेसेज तिथंच पडलेले, एकही वाचलेला नाही. प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं, हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर त्वरित कळवा.

तक्रार केली. वेळेत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान बँकेनं सोसायचं, असा नियम आहे. वरच्या ऑफिसचं उत्तर आलं, नोंदलेल्या नंबरावर मेसेज पाठवले होते, ग्राहकानं मुदतीत कळवलं नाही, सबब दावा नामंजूर. ते पत्र मावशींना मीच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं,

"माझ्याकडं फोनच न्हाई. मग मेसेज गेला कुणाला, दादा?"

"कॉम्प्युटरचं असतं काहीतरी, मावशी," मी म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

पुढं बँकिंग लोकपालाकडं दाद मागायचा अर्जही मीच भरला. तो नंबर माझा आहे, एवढी एकच ओळ त्यात लिहायची होती. लिहिली असती तर कदाचित त्यांचे पैसे परत मिळाले असते, आणि माझी चौकशी लागली असती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी भ्यालो, दुसरं काही नाही. ओळ गाळली आणि त्यांचा अंगठा घेतला. तो अर्जही फेटाळला गेला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मावशी काठी टेकत आल्या. पिशवीतनं मूठभर बेदाणे काढून माझ्या टेबलावर ठेवले. सगळ्यांचे निरोप झाल्यावर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या,

"फॉर्म भरताना तुमीच बोलला हुता, माझा नंबर टाकतो म्हणून. माझ्या ध्येनात हाय. तुमच्या नोकरीवर बेतंल म्हणून मी गप ऱ्हायले."

त्या भिंतीला धरत, एकेक पायरी उतरत गेल्या. मी त्यांना हातसुद्धा दिला नाही.

आता गमवायला नोकरीही नाही. तरी ती एक ओळ मी अजून कुणाला लिहून दिलेली नाही.