आमच्या केंद्रातली तपकिरी चरबी

आरोग्य केंद्रात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओपीडी संपते, चहा येतो, कुणीतरी "सकाळी काय झालं माहितेय का" म्हणतं आणि कालच्या किश्श्यावर आजचा चढतो. आमचं केंद्र टोकावड्याच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला. गेल्या हिवाळ्यातले आमचे बहुतेक किस्से एकाच विषयावरून निघाले, तेवढे सांगते.

मी तिथली नर्स, सुनंदा. जाडी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला "तशा तुम्ही अंगानं बऱ्या" असं गुळमुळीत बोलावं लागायला नको.

*

विषय काढला डॉक्टर मॅडमनी. नवीन आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. एका बाळाला तपासून गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "सिस्टर, नवीन बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही. त्याच्या पाठीत, मानेजवळ तपकिरी चरबी असते. आपली पांढरी चरबी नुसती साठून बसते. ही जळते आणि ऊब देते."

चहाच्या वेळी तोच विषय निघाला. आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नामदेव, तोही माझ्याच वजनी गटातला. त्यानं विचारलं, "मोठ्या माणसात ऱ्हाते का ती?"

"थोडी राहते. मानेपाशी, गळ्याच्या हाडाच्या वर. थंडी लागली की जागी होते. तिला कामाला लावता आलं तर लठ्ठपणावर इलाज सापडेल म्हणून लोक शोधतायत. पण नामदेवभाऊ, औषध अजून नाही. नुसती आशा आहे."

नामदेवनं यातलं एकच वाक्य उचललं. थंडी लागली की जागी होते.

*

दुसऱ्या दिवसापासून त्याचा स्वेटर गेला. सकाळी नदीवर आंघोळ करून, शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून यायचा. गाडीचा एसी फुल. बाहेर लोक शेकोटीला बसलेले आणि आमची ॲम्ब्युलन्स आतून गारेगार.

एकदा पायाला प्लास्टर घातलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना घरी सोडायला निघालो होतो. मी मागं त्यांच्याशेजारी. बाबांनी टोपी कानांवर ओढली. मग पुढं वाकून नामदेवला म्हणाले, "भाऊ, माजा पायच मोडलाय ना रे? का मी मेलोय, आन् मना कुनी सांगला नाय?"

नामदेवनं एसी बंद केला. पुढच्या आठवड्यात सर्दी-तापानं रजेवर गेला. परत आल्यावर मॅडमनी विचारलं, "काय, जागी झाली का चरबी?"

"तिचा माहीत नाय मॅडम. मी मात्र झोपलो."

*

गंगूमावशी आमच्याकडं सफाईला. डोंगरावरच्या वाडीतून चालत येते, चालत जाते. अंगानं काडी. मॅडम एकदा कौतुकानं म्हणाल्या, "बारीक माणसांत तपकिरी चरबी जास्त सापडते म्हणतात. मावशी, तुमच्यात भरपूर असणार."

मावशी फडकं पिळत होती. पिळून झालं, झटकलं, दांडीवर टाकलं. मग म्हणाली, "बाय, आमच्या वाडीत बारीक व्हायला औषद नाय लागत. रेशन लेट झाला का झाला."

मॅडमचा चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्या डबा उघडला की आधी मावशीला हाक मारतात. मावशी येते, बसते, आणि भाजीत मीठ कमी असल्याचं तोंडावर सांगते.

*

मग टायवाले साहेब आले. मुरबाडला एका हॉलमध्ये "आरोग्य मेळावा" आहे म्हणून नामदेव मला घेऊन गेला. स्टेजवर टाय लावलेला एक माणूस डबे मांडून बोलत होता. म्हणे या पावडरनं पांढरी चरबी तपकिरी होते, झोपेत वजन उतरतं. म्हणजे मॅडमच्या नुसत्या आशेची यानं पावडर करून डब्यात भरली होती.

बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर पडली. खाली उतरून आला. गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचा एक फोटो घेऊ का? बिफोरसाठी. आफ्टरचा नंतर घेऊ."

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. अशा वेळी माझे कान तापतात. लहानपणापासून तापतात. पण त्या दिवशी मी पदर सारखा केला नाही, खुर्चीत अंग चोरून बसले नाही. उभी राहिले.

"घ्या फोटो," म्हटलं. "पूर्ण घ्या, अर्धा नको. आणि खाली लिहा, या बाई नर्स आहेत आणि त्यांनी ही पावडर घेतली नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "सिस्टर, का वो नाय घेतली?"

मी टायवाल्याच्या सुटलेल्या पोटाकडं नुसतं बघितलं. फोटो राहिला.

*

यानंतरचं मात्र मला लागलं.

खर्डीला मधुमेह आणि लठ्ठपणाचं शिबिर होतं. बायकांसमोर बोलायचं काम माझ्याकडं. त्याआधी शहापूरला मीटिंग झाली. वरून आलेल्या एका साहेबांनी माझं नाव वाचलं, मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लठ्ठपणावर या बोलणार? लोक हसतील. एखादी सडपातळ सिस्टर बघा."

काहीजण हसलेही. मॅडम काहीतरी बोलायला उठत होत्या, मी त्यांना हात धरून खाली बसवलं. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. किन्हवली मागं पडली. मग नामदेव म्हणाला, "सिस्टर, सडपातळ नर्स कुठून आनायची आता? आपल्याकडं तर स्टॉकच नाय."

मला हसू आलं. हसताना रडूही आलं. आणि मी ठरवलं, जायचंच.

शिबिराला बायका आल्या, पण वजनकाट्याकडं एकही फिरकेना. भिंतीला चिकटून उभ्या. "मांगून करतो," "साडी जड हाय," "आज उपास हाय." मीटिंगमधले तेच साहेब एका बाजूला खुर्चीत.

मी चपला काढल्या. सगळ्यांच्या देखत काट्यावर चढले आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग म्हटलं, "हे माझं वजन. शुगर आहे, गोळी घेते. चालते, कमी खायचा प्रयत्न करते, कधी जमतं, कधी नाही. पण तपासायला लाजत नाही. लाजेनं शुगर उतरत नाही."

एक तरणी बाई पुढं आली. "सिस्टर, थंड पान्यान आंघोल केली का चरबी जलते, खरा हाय का?"

"थोडीफार जळत असेल. शहाणी माणसं त्याच्यावर औषध शोधतायत. सापडलं की पहिला डोस मी घेणार आणि तुम्हाला येऊन सांगणार. तोवर काट्यावर चढ."

ती चढली. मग रांगच लागली. पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या चढल्या, एकमेकींचे आकडे वाचून हसल्या. शेवटी एक आजी खुर्चीकडं वळली. "सायेब, तुमी कवा चढताव?"

साहेब म्हणाले, "माझं घरी होतं."

"मंग हितं लाज कसली? आमी तोंड फिरवताव."

आणि खरंच, सगळ्या बायका भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. साहेब चढले. आकडा वाचायला मीच होते. तो मी कुणालाही सांगितलेला नाही. पुढच्या शिबिराच्या वेळी माझ्या नावावर कुणी काही बोललं नाही.

*

आता शेवटचा. जानेवारीतली सकाळ, धुकं रस्त्यावर उतरलेलं. वरच्या वाडीतली एक बाई घरीच बाळंत झाली, दिवस भरायच्या आधी. बाळ ओंजळीएवढं. आईचं अंगावरून फार जात होतं. मॅडमनी गाडीत तिला सलाईन लावलं आणि आम्ही मोठ्या रुग्णालयाकडं निघालो.

मॅडमनी बाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "सिस्टर, गार पडतंय. वेळेआधी आलंय, ती चरबी अजून धरलीच नाही याच्या अंगात. उघड्या छातीशी धरायला हवं, पण आई या अवस्थेत…"

बाळाची आजी शेजारी होती. स्वतःच थरथरत होती. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "माज्या हाडांना कसली ऊब? बाय, तुमी घ्या."

मी पाठमोरी झाले, ब्लाऊजची बटणं काढली. बाळाला टोपडं घातलं, छातीवर उभं धरलं, वरून शाल, शालीवर आजीचं घोंगडं. नामदेवनं काचा बंद केल्या. घोंगड्यात मला घामाच्या धारा लागल्या, पण हात हलवला नाही. बराच वेळ काहीच हललं नाही. मुरबाडच्या अलीकडं छातीवर काहीतरी मुंगीसारखं सरकलं. मग ते रडलं, मांजराच्या पिलासारखं.

रुग्णालयात आईला आत नेलं, मॅडम तिच्याबरोबर गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी बाळ हातात घेतलं, ताप बघितला, परत बघितला. आजीला विचारलं, "आजी, एवढ्या लांबून एवढ्या थंडीत आणलंत, तरी बाळ मस्त गरम आहे. गाडीत वॉर्मर होता का?"

"व्हता ना," आजीनं माझ्याकडं बोट केलं. "त्यो काय, घाम पुसतोय."