फ्रेझरच्या मुखाशी दादाची भरती

पक्षी पाहायला निघायच्या आदल्या संध्याकाळी दादा आणि निखिल यांच्यात भरतीच्या वेळेवरून जुंपली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि निखिल त्याचा मुलगा. निखिलच्या फोनमध्ये सकाळी साडेनऊला पूर्ण ओहोटी दाखवत होते आणि दादाच्या हिशोबाने त्याच सुमाराला पाणी काठोकाठ असायला हवे होते. दादाने उरणहून आणलेल्या कॅलेंडरवर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी वद्य द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे मिठागरावर वाढलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. बाराची पाऊणपट नऊ.

"नऊला पोचायचं," दादा म्हणाला. "पाणी चढलं की पाखरं बांधाजवळ येतात. ओहोटीला जाऊन काय चिखल बघायचाय?"

मी दादाची बाजू घेतली. चाळीस वर्षे मिठागर सांभाळलेल्या माणसाला फोनचे ऐकून खोटे पाडणे माझ्या जिवावर आले. शिवाय कॅनडातल्या कोक्विटलामच्या त्या घरात गेल्या दहा दिवसांत त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकत होते.

वहिनी गेली आणि वर्षभरात निखिलने त्याला इकडे आणले. बेसमेंटमध्ये उबदार खोली, स्वतंत्र वॉशरूम, टीव्ही, सगळे होते. पण दादा दिवसभर खिडकीशी बसून समोरचे कुंपण पाहत राहायचा. मी पोचले त्याच दिवशी म्हणाला, "सुमे, जाताना माझंही तिकीट काढ." निखिलने मला किचनमध्ये गाठून विनवले, "आत्या, निदान हा एक विंटर तरी राहायला सांग ना. तिथे एकटे कसे मॅनेज करतील?" रविवारपर्यंत काय ते सांगायचे असे दादाने कबूल केले होते. आणि खरे सांगायचे तर मलाही तो परत यायला हवा होता. उरणात मी एकटी असते, आणि शेजारच्या त्याच्या घराचे कुलूप मला रोज दिसते. हे मात्र मी निखिलला सांगितले नाही.

पक्षी पाहायचा हट्ट माझा. उरणच्या खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, तीस वर्षे दुर्बीण घेऊन फिरले, तर फ्रेझर नदी समुद्राला मिळते ती जागा न पाहता परत कशी जाणार? ऑक्टोबर म्हणजे उत्तरेकडून पक्षी उतरायचा महिना. शनिवारी पहाटे उठून मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली. त्या चटणीच्या वासाने निखिलने थंडीतही गाडीच्या काचा खाली केल्या.

नदीवरचा पूल ओलांडला आणि डोंगर मागे राहिले. पुढे ताटासारखी सपाट जमीन पसरली होती, बटाट्याची काढणी झालेली शेते, मध्ये सरळ खणलेले चर. एका विजेच्या खांबावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता, अगदी सरकारी बिल्ल्यावर असावा तसा. थोडे पुढे एक अख्खे शेत पांढरे दिसले. मला वाटले इतक्यात बर्फ पडला की काय. जवळ गेलो तर ते हिमहंस होते, हजारोंनी, सैबेरियाकडून आलेले. त्यांचा कलकलाट असा, की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. दादा गाडीतून उतरला नाही. पण चराकडे बघत पुटपुटला, "ही खारजमीन आहे. समुद्र हटवून केलेली."

नऊला पाच मिनिटे कमी असताना आम्ही डाइकवर (समुद्राचे पाणी अडवणारा मातीचा बांध) चढलो. समोर पाणी नव्हते. दोन-तीन किलोमीटर नुसता राखाडी चिखल, आणि त्याच्या पार टोकाला मोहरी सांडावी तसे पक्ष्यांचे ठिपके. दुर्बिणीतूनही त्यांना चोची फुटेनात. निखिलने फोन नुसता खिशात घातला, याचे मला कौतुक वाटले.

दादाचा चेहरा उतरला. "असं होतच नाही," म्हणत तो बांध उतरला आणि चिखलात पाऊल टाकून झुकून पाहू लागला. दुसऱ्या पावलाला त्याचा डावा बूट आत गेला तो गेलाच. निखिल ओरडत धावला. दादाने मात्र मिठागरातल्या सवयीने शांतपणे गुडघे टेकले, पाय आडवा करून काढून घेतला आणि बूट चिखलाला देऊन परत आला. बूट नवा होता, हिवाळ्यासाठी निखिलने मुद्दाम आणलेला. भिजलेला मोजा पिळत दादा बांधावर बसला आणि इतक्या हळू बोलला, की मला वाकून ऐकावे लागले.

"एवढं एकच येत होतं मला, सुमे. तेही इथे चालत नाही."

मी भाकरीचा डबा उघडला.

तेवढ्यात बांधावरून एक पिकअप आली. पंचाहत्तरीचे एक सरदारजी उतरले, एक पाय उघडा टाकून बसलेला म्हातारा पाहून हसले आणि गाडीतून गमबूट घेऊन आले. मागची बटाट्याची शेते त्यांची होती. आमच्याबरोबर भाकरी खाल्ली, सुकटीने डोळ्यांत पाणी आले तरी चटणी दुसऱ्यांदा घेतली. मी त्यांना दादाच्या पाऊणपटीची गोष्ट सांगितली. ते मनापासून ऐकत होते. मग म्हणाले, "चाँद तो वही है जी, पर यहाँ का पानी अपनी मर्ज़ी का है. दिन में एक ज्वार बड़ा, एक छोटा. मुझे समझने में तीन साल लगे."

"तीन साल?" दादाने विचारले. त्या सकाळी त्याने पहिल्यांदा मान वर केली.

सरदारजी त्याला बांधातली उघाडी (शेतातले पाणी समुद्रात सोडायचे दार) दाखवायला घेऊन गेले. लांबून मी पाहत होते. दोघेही ओणवे होऊन दाराची फळी तपासत होते, दादा हातवारे करून काही सांगत होता आणि सरदारजी मान डोलावत होते. निखिलने विचारले, घरी निघायचे का? दादाने लांबूनच हात हलवला. पाणी आल्याशिवाय तो हलणार नव्हता.

पाणी दुपारी एकनंतर आले. चिखलावर आधी नुसती चमक दिसली, मग त्या चमकेपुढे पळणारे पक्षी. उरणला येणाऱ्या टिलव्या पाखरांएवढे, मुठीत मावतील असे, चिखलात चोची खुपसत आमच्याकडे सरकत होते. दोनच्या सुमाराला ते बांधापासून वीस पावलांवर होते आणि दुर्बिणीची गरजच उरली नाही. अचानक कुठूनसा एक ससाणा झेपावला आणि सगळा थवा एकदम उठला. वळला की पांढरा, पुन्हा वळला की तपकिरी. आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा वारा गालाला लागला. माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

"आपल्याकडचीच पाखरं की गं," दादा म्हणाला.

ती आपल्याकडची नव्हेत, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. मी हो म्हटले.

परतताना त्याने निखिलला विचारले, पाणी अगदी वर कधी येणार? फोन म्हणाला पावणेपाच. दादाने पेन्सिल मागून घेतली.

रविवारी सकाळी निखिल चहा घेऊन बेसमेंटमध्ये गेला, मीही गेले. कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरले होते आणि तिथींच्या चौकटींत दादाने बारीक आकडे मांडले होते. मी तिकिटाचे विचारले.

"तू जा," तो म्हणाला. "मला इथला हिशोब बसवायचाय. एक हिवाळा तरी लागेल." मग निखिलकडे वळून म्हणाला, "शनिवारी सरदारजींचे बूट परत द्यायला जायचंय. मला न्यायला लागेल."

निखिल पटकन वर निघून गेला, त्याला रडू येत होते. मला आनंद झाला आणि वाईटही तितकेच वाटले.

परवा मी उरणला पोचले. शेजारच्या दाराला कुलूप तसेच आहे. आज पौर्णिमा. सकाळी अकराच्या आधीच बांधावर गेले, पाणी तिथीप्रमाणे बरोबर चढत होते आणि उघाडीपाशी यंदाचे पहिले टिलवे उतरले होते. तेवढ्यात दादाचा निरोप आला: "आजची भरती. फक्त वीस मिनिटं चुकलो."

मी काठोकाठ पाण्याचा फोटो पाठवला आणि लिहिले, इथे तुझं अजून बरोबर येतं.

त्याचे उत्तर आले: "तिकडचं आता तू बघ."