बॅटरी बघण्याचे कार्यक्रम

वस्तू पारखण्याच्या बाबतीत आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात जन्मलेला नाही, आणि दुकानदारांच्या नशिबाने यापुढेही जन्मणार नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. खाडीकाठी त्यांचं घर, मागे भाताची खाचरं आणि पुढे दोराने बांधलेली एक लहानशी लाकडी होडी. छत्री घ्यायची झाली की हे गृहस्थ भर पावसात भिजत घरातून निघतात, दुकानाबाहेर एकेक छत्री उघडून तिच्याखाली उभे राहतात आणि जी ठिबकत नाही तिच्याशीच पुढची बोलणी करतात. पंखा घेताना तर त्यांनी दुकानातच वर्तमानपत्र अंथरून वामकुक्षी काढली होती. उठल्यावर दुकानदाराला विचारलं, "मधी घोरायचा थांबलो काय?" तो बिचारा नाही म्हणाला, तेव्हा कुठे पंखा बांधला गेला. मी एकदा वॉरंटीचा विषय काढून पाहिला. "जावई, वॉरंटी वस्तू बिघडल्यावर कामाला येते," मामा म्हणाले, "मला न बिघडनारी पाहिजे."

गेल्या वर्षी मात्र मामांचा स्वतःचाच उजवा खांदा बिघडला. डॉक्टरांनी वल्हं हातात घ्यायची सक्त मनाई केली. खाडीत एक फेरी मारल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, तो माणूस ओटीवर बसून नुसता भरती-ओहोटी बघू लागला. आम्हाला ते बघवेना. मामींनी तर निकालच लावला, "होडी इकून टाका. पलीकडच्या गावचा मानूस कवापासून मागतोय." मामांनी कसेबसे हातापाया पडून नारळी पौर्णिमेपर्यंतची मुदत मिळवली. तोवर होडी पाण्यात गेली तर राहील, नाहीतर जाईल. हे ऐकून माझी बायको हळवी झाली आणि तिने होडीच्या मागे अडकवायची, विजेवर चालणारी एक छोटी मोटर मागवली. डिझेलचं इंजिन त्या एवढ्याशा होडीला झेपलं नसतं. मोटर आली, पण बॅटरी आपली आपण शोधायची होती. मुलीला स्थळ शोधताना जेवढे जोडे झिजले नव्हते, तेवढे मामांनी त्या बॅटरीपायी झिजवले.

जोडे त्यांचे आणि पेट्रोल माझं. दर रविवारी मी फुलपाड्याहून स्कूटर काढायची, मामांना मागे घ्यायचं आणि सातिवलीतली दुकानं पालथी घालायची. एका दुकानदाराने गाडीची बॅटरी दाखवली, आणि वर प्रामाणिकपणे हेही सांगितलं की ही एकदम जोराचा धक्का देते, पण सावकाश तासन्‌तास चालवायला उपयोगाची नाही. "म्हनजे आमच्या थोरल्या मेव्हन्यासारखी," मामा म्हणाले. "वरातीत नाचनार, मांडव सोडायच्या टायमाला गायब." दुसऱ्याने लिथियमची बॅटरी पुढे केली. "काका, हीच घ्या. वजन नाय, पाणी भरायचं टेन्शन नाय." मामांनी ती एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं केलं. "बोय मासा हातात जड लागला तर माल चांगला. ही तर पोकळ लागते." आयुष्यभर मासळी हातावर तोलून घेतलेल्या माणसाला, हलकी वस्तू चांगली असू शकते हे कोण पटवणार? शेवटी त्यांचं मन बसलं ते इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, कारण ती त्यांना जागची हलवता आली नाही.

पण पारख झाल्याशिवाय घेतील तर ते मामा कसले! कुठलाही दुकानदार बॅटरी खाडीत फिरवून आणायला देईना. तेव्हा एका सकाळी, मामी बाजारात गेल्याची संधी साधून, मामांनी घरच्याच इन्व्हर्टरची बॅटरी सोडवली. बांबूला टांगून, मामा डाव्या खांद्यावर आणि मी उजव्या, अशी तिची मिरवणूक निघाली. मोटरजवळ म्हणून ती मागे ठेवली, मामाही सुकाणूला मागेच बसले, आणि होडीने तोंड आभाळाकडे केलं. मग आम्ही दोघांनी धापा टाकत ती पुढच्या फळीवर नेली, वायर ताणून जोडली. होडी सरळ झाली आणि खरोखर चालू लागली. मामांनी एक गोल फेरी मारली. त्यांचा तो चेहरा पाहून माझेच डोळे भरून आले. होडी वाचली, असं मी मनाशी धरून चाललो.

नेमके त्याच वेळी गावातले दिवे गेले. बाजारातून आलेल्या मामींना पंखा बंद, इन्व्हर्टर मुका आणि त्याच्या पोटातली बॅटरी बेपत्ता अशी स्थिती दिसली. विंझण्याने वारा घेत त्या तरातरा काठावर आल्या. होडीकडे बघून थबकल्या.

"माझ्या जाग्यावर कोन बसलंय ते?"

लग्नानंतर कितीतरी वर्षं मामी त्याच फळीवर बसून जाळ्याचं दुसरं टोक धरायच्या. पुढे मुलंबाळं झाली, जाणं सुटलं. मामांनी होडी काठाला लावली आणि ते खांदा चोळू लागले.

"होडीशी माझं वाकडं नाय," मामी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तुमी एकटे जाता, त्याची धास्ती हाय. मधीच खांदा धरला तर ही बॅटरी कोनाला हाक मारनार हाय?"

पुढच्या रविवारी मामा सातिवलीत शिरले ते थेट लिथियमवाल्याकडे. ना ठोकून पाहिलं, ना हातावर तोललं. दुकानदारच कावराबावरा झाला. "काका, आधीच सांगतो, ही दिवसभर नाय चालणार. फार तर दुपारपर्यंत."

"चालंल," मामा म्हणाले. "दुपारी आमच्या हिला जेवायला लागतं."

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिला. मामी फळीवर बसल्या, झाकणाच्या डब्यात घातलेली बॅटरी त्यांच्या पायाशी राहिली, आणि होडी निघाली. मोटरचा आवाज असा नाहीच, त्यामुळे पाण्यावरून त्यांचं भांडण मला काठावर स्वच्छ ऐकू येत होतं. "डावीकडं घ्या." "मी कधी चुकलोय काय?" "लग्नापासून!" दोघांचीही सत्तरी उलटून गेली आहे. ही बॅटरी बरीच वर्षं टिकते, असं दुकानदार म्हणाला होता. ती टिको न टिको, ही दोघं तेवढी टिकू देत, असं मी खाडीला हात जोडून म्हटलं. होडी वळणाआड गेली, तरी मामींचा आवाज अजून येत होता.