गच्चीवरच्या गाद्या

"कुलूप मीच फोडलं," नरसम्माबाई म्हणाल्या. "लपवायचं काय त्यात?"

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीची मीटिंग होती. सोलर कंपनीचं पत्र आलं होतं : पुन्हा कुणी गच्चीत शिरलं, तर करार रद्द. मी त्या प्रकल्पाचा कन्सल्टंट. गच्चीवर जाणं सुरक्षित आहे का, एवढंच सांगायला मला बोलावलं होतं.

प्रकल्प 'नेट झीरो'चा. म्हणजे इमारत वर्षभरात जेवढी वीज वापरेल, तेवढी स्वतःच तयार करेल. पॅनेल कंपनीच्या खर्चाने. सोसायटीने फक्त विजेचं बिल कंपनीला द्यायचं, तेही स्वस्त दराने. बदल्यात गच्ची वीस वर्षं कंपनीच्या ताब्यात. याला रेस्को मॉडेल म्हणतात. मॉडेल वाईट नाही. मीच ते सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं.

पॅनेल बसण्याआधी सर्व्हेला गेलो, तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात आठ-दहा गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. नरसम्माबाई शेवया वाळत घालत होत्या. नवरा चादरीच्या कारखान्यात होता. तो वारल्यापासून वरच्या मजल्यावरच्या घरात त्या एकट्याच राहत.

"गाद्या कुणाच्या?"

"आमच्याच की. उन्हाळ्यात आमी वरच्या मजल्यावरचे सगळे हितंच झोपतो. आत लई उकडतं, साहेब."

मी बॉसना फोन केला. "अर्धी गच्ची सोडावी लागेल."

"अर्ध्या गच्चीत झीरो होत नाही. झीरो नाही, तर फायनान्स नाही. सर्व्हे तुमचा आहे. काय दिसलं, ते तुम्ही ठरवा."

मी फॉर्ममध्ये लिहिलं : गच्चीचा वापर – नाही. जुनं सामान हलवावं.

पॅनेल बसले, दाराला कुलूप लागलं. उन्हाळा आला, तशी ज्यांना जमलं त्यांनी एसी घेतले. तयार होणारी वीज पुरेना. झीरो कागदावरच राहिलं. नरसम्माबाईंना एसी परवडणारा नव्हता. त्यांनी कुलूप फोडलं.

मीटिंगमध्ये त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमाला सांगितलं होतं न्हवं? सांगा की यांना."

"गच्चीवर जाणं धोक्याचं आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. मग मी फाइल मिटली.

"एका बाईच्या हट्टापायी सगळ्यांना भोगायला लावता," चेअरमन म्हणाले. नरसम्माबाईंकडून माफीनामा लिहून घेतला. पुढच्या उन्हाळ्याआधी फ्लॅट विकून त्या बहिणीकडे गेल्या. तिथेच वारल्या, असं नंतर कळलं. सोसायटीत अजून त्यांची ओळख 'कुलूप फोडणारी बाई' अशीच आहे.

सर्व्हेत रहिवाशांना विचारावं, असं मी पुढे नव्या इंजिनिअरांना शिकवत राहिलो. मी विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाही होता.